‘बरी हाय’ म्हणायची पंचाईत

केतनने नोकरी सोडली तेव्हा घरात पेढे आले. उरणच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात नऊ वर्षं काढून त्याने स्वतःचं एसी दुरुस्तीचं काम सुरू केलं होतं. जुना टेम्पो घेतला, त्यावर मागे-पुढे स्वतःचा मोबाइल नंबर रंगवून घेतला आणि पहिल्याच महिन्यात खांदा कॉलनीतल्या चार सोसायट्या पटकावल्या. सगळे खूश. फक्त त्याची बायको हेतल अर्धा पेढा हातात धरून म्हणाली, "अरे, पण आपलं ते कार्ड?"

कार्ड म्हणजे कंपनीच्या मेडिक्लेमचं. केतन, हेतल, पाच वर्षांची चिऊ, सासू आणि सासरे, पाचही जणांची नावं त्या एका कार्डाखाली होती. चिऊचा जन्म त्याच कार्डावर झाला, केतनचं अपेंडिक्स त्याच कार्डावर निघालं आणि दोन्ही वेळा कुणाला खिशात हात घालावा लागला नाही. आता नोकरी सुटली तसं कार्डही सुटलं.

"होईल गं काहीतरी," केतन म्हणाला.

केतनचं सगळं ‘होईल काहीतरी’ असतं आणि ते काहीतरी दर वेळी हेतलनेच करायचं असतं. तिने उरलेला पेढा तोंडात टाकला आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर शोधाशोध सुरू केली. तिथे एक चूक झाली. ‘फक्त हप्ता बघायचाय’ असं समजून तिने एका वेबसाइटवर नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन सुरू. नोएडाहून, हैदराबादहून, कुठून कुठून. मॅडम तब्येत कशी, मॅडम घरात कुणाला काही त्रास, मॅडम सासूबाईंचं वय काय. इतकी चौकशी तिच्या माहेरच्यांनी बाळंतपणातसुद्धा केली नव्हती. आणि आकडे तर विचारूच नका. पाच जणांचा हप्ता ऐकून ती एका मुलाला सरळ म्हणाली, "दादा, एवढ्यात मी दुसरा टेम्पो घेईन."

शेवटी तिला मुबीना आठवली. मुबीना पनवेलच्या शाळेत तिच्या बाकावर बसायची. तिचा नवरा इक्बाल चौदा वर्षं आखातात राहून परत आला, इथे अत्तराचं दुकान टाकलं आणि सहा महिन्यांत किडनी स्टोनचं ऑपरेशन करावं लागलं. पॉलिसी नव्हती. दुकानाची अर्धी पुंजी त्यात गेली. तेव्हा मुबीनाने चिडून विम्याची परीक्षा दिली आणि आता ती स्कूटरवरून पनवेल ते उरण लोकांना पॉलिस्या समजावत फिरायची.

ती आली ती थेट स्वयंपाकघरातच बसली, कारण या घरात दुसरीकडे बसून बोलणं शक्यच नव्हतं. हेतलच्या सासूबाई, वेणूबाई, तिथे भाकऱ्या थापत होत्या. तांदळाच्या. टॉवरमध्ये एकटी राहणारी नोकरदार मुलं, दोन खानावळी, हळदी-साखरपुड्याच्या ऑर्डरी, सगळ्यांना या घरच्या भाकऱ्या जायच्या. ऑर्डर घेणं आणि पोचवणं हेतलकडे, थापणं वेणूबाईंकडे. वय त्रेसष्ट, रोजच्या दोनशे भाकऱ्या आणि एकीला चीर नाही.

"बघ हेतल," मुबीना म्हणाली, "पाचांची एकच पॉलिसी घेतलीस की हप्ता लागतो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर. मग चिऊसाठीसुद्धा तू काकांच्या वयाचे पैसे भरणार. मूर्खपणा आहे तो. तुम्हा तिघांची वेगळी घेऊ, काका-काकींची वेगळी. त्यांच्या बिलातला वीस टक्के हिस्सा आपण उचलायचा असं कबूल केलं की हप्ता आणखी उतरतो. हप्त्यावरचा जीएसटीही आता गेला. सरकारी योजनेची कार्डं आहेत ना? ती पण जपून ठेव, अडचणीला उपयोगी पडतात."

तिने कागदावर आकडेमोड केली. सगळं मिळून महिन्याला साडेचार हजार. हेतलने मनात धंद्याचा हिशोब घातला. ओढाताण होती, पण जमण्यासारखं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"पण एक गोष्ट," मुबीनाने बोट वर केलं. "फॉर्म भरला की कंपनीचा डॉक्टर फोन करेल. काका-काकींशी बोलेल. जे आहे ते सांगायचं. लपवायचं नाही. तुमच्या गल्लीतल्या शिवाभाऊंचं माहीत आहे ना?"

ते सगळ्या गावाला माहीत होतं. शिवाभाऊंना कुणा एजंटाने सांगितलं, बीपीचं लिहू नका, हप्ता वाढेल. त्यांनी नाही लिहिलं. तीन वर्षं इमानेइतबारे पैसे भरले. मग छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं आणि कंपनीने बीपीची जुनी चिठ्ठी शोधून काढून हात वर केले. माणूस वाचला, पण गावातली जागा विकावी लागली.

"आमच्याकडे लपवायला आहे काय?" हेतल म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

आता वेणूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या तीस वर्षांत या बाईने ‘मी बरी आहे’ असं कुणाला सांगितलेलं नव्हतं. कारण होतं तसं. केतन चार वर्षांचा असताना आपट्याला एका लग्नात कुणीतरी विचारलं, पोरगा कसा हाय? वेणूबाई कौतुकाने बोलून गेल्या, माझ्या पोराला साधा खोकला म्हनून नाय कदी. आठवड्याच्या आत केतन टायफॉइडने दवाखान्यात. अकरा दिवस. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. बरं चाललंय म्हणायचं नाही, ऐकणाऱ्याची नजर लागते. कुणी विचारलं, कशी हायस वेणू, की गुडघ्यापासून सुरुवात. समोरचा हळहळायचा, नजर लावायचं विसरून जायचा आणि वेणूबाई निर्धास्त होऊन डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालू लागायच्या.

घरातल्यांना याची इतकी सवय होती की कुणी लक्षही देत नसे. आणि तिथेच घोटाळा झाला.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा हेतल न्हाणीघरात केस धूत होती. पाण्याच्या आवाजातून तिला सासूबाईंचा सूर ऐकू येत होता. भाकरी थापल्याची थपथप आणि त्यावर ती नेहमीची टेप. "कसली तब्येत गो बाय. गुडघं गेलं, कंबर गेली. डोल्यांना दिसत नाय. रात रात झोप नाय. छातीत धडधडतंय. चार पावलं चालली का दम लागतंय. आता काय, आजची उद्या नाय." हेतलला वाटलं, आपट्याहून मावशींचा, सासूबाईंच्या बहिणीचा, फोन असणार. तिने निवांत दुसऱ्यांदा शॅम्पू लावला.

मग सासरे कमळाकर यांचा आवाज आला. "मला काय धाड भरलीय? एकदम ठनठनीत! दगड खाल्ला तरी पचंल."

मावशींना हे सांगायची काय गरज, असं तिच्या मनात आलं खरं. पण डोळ्यांत फेस गेला होता.

चौथ्या दिवशी मुबीना आली ती दारातूनच हसत. हसता हसता तिला ठसका लागला. पाणी पिऊन तिने मोबाइलवरचं पत्र वाचून दाखवलं. कमळाकर, वय सदुसष्ट, प्रकृती उत्तम, नेहमीच्या दरात पॉलिसी मंजूर. वेणूबाई, वय त्रेसष्ट, संधिवात, हृदयाची तक्रार, श्वसनाचा त्रास, निद्रानाश, दृष्टिदोष, अर्ज नामंजूर.

"काकी," मुबीना म्हणाली, "तुम्ही तर कागदावर जिवंतच नाही राहिल्यात."

हेतलने कपाळावर हात मारला. "आई! ती कंपनीची डॉक्टर होती!"

"मंग? इचारलं तर सांगू नको?"

"अहो, खरं सांगायचं होतं!"

"खरं कोन सांगतं गो परक्या बाईला?" वेणूबाई मनापासून चकित झाल्या होत्या. "आवाजावरून कशी हाय काय माहीत. तिची नजर लागली असती तर?"

"फोनवरून?"

"मोबाइलवरून पैसं जातात, नजर नाय जायाची?"

केतन भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. हेतलला मात्र रडू यायचं बाकी होतं. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. ही बाई दिवसाला दोनशे भाकऱ्या थापते, उद्या खरोखर काही झालं तर हिच्या नावावर कुठलाच कागद नसेल. आणि एकदा नामंजूर झालेला अर्ज दुसऱ्या कंपनीलाही सांगावा लागतो, असं मुबीनाने हळूच सांगितलं.

"रस्ता आहे," मुबीना म्हणाली. "काकींची पूर्ण तपासणी करू. रिपोर्ट जोडून फेरविचाराचा अर्ज टाकते. लॅबवाले जोडप्याला सवलत देतात, काकांची पण करून टाका. बिसमिल्लाह करा उद्याच."

कमळाकरांनी तेव्हा काहीतरी पुटपुटत पायात चपला सरकवल्या होत्या, हे हेतलला नंतर आठवलं. "मला कशाला? माझं पास झालंय ना?" पण सवलत जोडप्यालाच होती आणि सवलत सोडायची नाही हा या घराचा नियम होता.

पनवेलच्या लाइन आळीतल्या लॅबमध्ये दोघांना उपाशीपोटी नेलं. वेणूबाईंनी सुई टोचणाऱ्या मुलीलाही आपली दुखणी सांगितली. कमळाकर गप्प बसून होते. रक्त देऊन झाल्यावर केतनने सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. वेणूबाईंनी दोन पाव जास्त घेतले, वर म्हणाल्या, भूक म्हनून लागत नाय हल्ली.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आले. मुबीना नवऱ्याच्या अत्तराच्या दुकानातून परत जाताना मुद्दाम थांबली होती. तिने आधी काकींचं पान उघडलं. हिमोग्लोबिन उत्तम. साखर उत्तम. थायरॉइड, किडनी, हृदयाचा आलेख, सगळं जागच्या जागी.

"माशाल्लाह काकी, तुमचं तर माझ्यापेक्षा बरं आहे!"

"हलू बोल गो!" वेणूबाईंनी धावत जाऊन खिडकी लावली. पलीकडे शेजारीण शोभा कपडे वाळत घालत होती. "गावभर करशील!"

सगळे हसले. मग मुबीनाने दुसरं पान उघडलं आणि ती हसायची थांबली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी नऊच्या जवळ, साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. तिने ते हेतलला दाखवलं, हेतलने केतनला. बोलायचं कुणी, हा प्रश्न होता.

"बाबा," हेतल म्हणाली, "तुमची शुगर खूप वाढलेली आहे."

कमळाकर दचकले नाहीत, घाबरले नाहीत. तेवढ्यावरून हेतलला कळलं की हे त्यांना आधीपासून माहीत आहे. त्यांनी उठून खुंटीवरची भजनाची पिशवी काढली. तिच्यात टाळांच्या खाली एक स्टीलची डबी होती. डबीत गोळ्या.

"दोन वरसं झाली," ते म्हणाले. "स्टेशनजवलचा डाक्टर देतो. कदी घेतो, कदी राहतंय."

हेतलला एकामागून एक आठवायला लागलं. घरचा चहा नको म्हणणं, बाहेर पिऊन आलो म्हणून सांगणं. भजनात पहिल्या रांगेतला माणूस हल्ली मागे भिंतीला टेकून बसतो. तिला स्वतःचाच राग आला. एका घरात राहून आपल्याला काही दिसलं नाही. कसं दिसणार, या घरात तब्येतीचं बोलणं म्हणजे सासूबाईंची टेप आणि ती लागली की सगळ्यांचे कान आपोआप बंद व्हायचे.

वेणूबाई उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"दोन वरसं?" त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी झोपता आन दोन वरसं मला सांगावंसं वाटलं नाय? तीस वरसं माझी दुखनी ऐकलीत. तुमचं एक तरी सांगायचं होतं!"

"तुझीच इतकी होती वेणू," कमळाकर अगदी साधेपणाने म्हणाले. "त्यात माझं कुठं सांगू?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. तसं असतं तर वेणूबाईंनी दहा ऐकवले असते. खरं तेच बोलले होते ते. वेणूबाई परातीपुढे जाऊन बसल्या. पण परातीत पीठ नव्हतं.

"माझी काय खरी होती का?" रिकामी परात पुसत त्या म्हणाल्या. "तुमाला तरी ठावं होतं ना?"

"ठावं होतं. पन रोज ऐकून ऐकून वाटायचं, हिला आनखी कशाला."

मुबीनाने पर्स उचलली आणि हेतलचा हात दाबून निघून गेली.

जेवणं झाल्यावर केतनने हेतलला अंगणात गाठलं. "एक सांगू? बाबांची पॉलिसी मंजूर झालीच आहे. उद्या पैसे भरले की विषय संपला. शुगरचं कंपनीला कुठे माहीत आहे? सांगितलं तर हप्ता वाढेल नाहीतर त्यांनाही नाही म्हणतील. मग दोघंही बाहेर."

हेतलला मोह झाला नाही असं नाही. मंजुरीचं पत्र मोबाइलमध्ये तयार होतं. एक बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिला शिवाभाऊंची विकलेली जागा दिसली, तिथे आता कुणाचा तरी बंगला उभा होता.

"केतन, तू एसी बसवतोस," ती म्हणाली. "गॅसची गळती दिसत असताना वरून कव्हर लावून पैसे घेतोस का?"

"नाही."

"मग?"

"कंपनी नाही म्हणाली तर?"

"तर दुसरी बघू. तिसरी बघू. मुबीना आहे. पण खोट्या कागदावर मी दर महिन्याला पैसे नाही भरणार, घाम गाळून कमावतो आपण."

केतन डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "होईल काहीतरी." या वेळी मात्र तो दुसऱ्या दिवशी स्वतः मुबीनाकडे जाऊन दोघांचे रिपोर्ट देऊन आला. तेवढी प्रगती म्हणायची.

मुबीनाने कंपनीला सगळं कळवलं. डॉक्टर पुन्हा फोन करतील, दोघांशीही बोलतील, असं उत्तर आलं. शुगर निघालेल्यांचा हप्ता किती चढेल याचाही तिने अंदाज दिला. महिन्याला आठशे रुपये जास्त. हे ऐकून वेणूबाईंनी बोटांवर हिशोब केला. "आठशे म्हंजे चालीस भाकऱ्या. तासाभराचं काम. मी थापीन." म्हणजे तो प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता.

न सुटलेला प्रश्न निराळाच होता. हेतल दोन दिवस सासऱ्यांना समजावत होती की डॉक्टरांना सगळं सांगा. ते हो हो म्हणायचे आणि वर पुस्ती जोडायचे, "पन तसं मला काय त्रास नाय. ठनठनीत हाय मी." आणि सासूबाईंना तिने समजावलंच नव्हतं. तीस वर्षांची भीती दोन दिवसांत कशी जाईल? तिने ठरवलं होतं, फोन आला की आपणच मध्ये बोलायचं, आईंचे रिपोर्ट बघा म्हणायचं आणि निभावून न्यायचं.

फोन गुरुवारी सकाळी आला. घर भरलेलं होतं. खानावळीची ऑर्डर निघायची होती, तवा तापलेला, केतन टेम्पोची किल्ली शोधत होता, कमळाकर दारात पेपर उघडून बसले होते. हेतलने स्पीकर लावला. पलीकडे तीच डॉक्टरीण, हसऱ्या, तरुण आवाजाची.

"आजी, मागे आपलं बोलणं झालं होतं. तुमचे रिपोर्ट पाहिले मी. आता मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तब्येत कशी आहे?"

हेतल बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात वेणूबाईंनी पिठाचा हात वर करून तिला थांबवलं. थापायचा आवाज बंद झाला. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. हेतलला सासूच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तव्यावरची भाकरी फुगून वर आली होती आणि कुणी ती उतरवत नव्हतं.

"बरी हाय," वेणूबाई पुटपुटल्या.

"जरा मोठ्याने, आजी?"

"बरी हाय मी!" वेणूबाई इतक्या जोरात ओरडल्या की केतनच्या हातून किल्ली पडली. "गुडघं बरं, कंबर बरी, झोप लागते, भूक लागते. रोज दोनशे भाकऱ्या थापते. मागं सांगलं ते समदं खोटं. ती आमची बोलायची रीत हाय, तुमी मनाला लावून घेऊ नका. लिवलं?"

"लिहिलं," पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज आला.

"मंग आता खरं लिवा. आजारी मी नाय. आमचं मालक हायत. त्यांना शुगर हाय, दोन वरसं. त्यांचं नीट इचारा."

त्यांनी पदराला हात पुसले, मोबाइल उचलला आणि दारात जाऊन नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेऊन त्याच हातात मोबाइल ठेवला.

"बोला काका, काय त्रास होतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तसं इशेष काय नाय," कमळाकर सुरू झाले. "म्हंजे ठन..."

वेणूबाई त्यांच्यासमोर उंबऱ्यात खाली बसल्या. मांडीवर हात ठेवले.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मी ऐकते."

कमळाकर बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला. तळपायांची आग होते, म्हणाले. रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. भजनाच्या पुस्तकातली अक्षरं पुसट दिसतात, म्हणून मागे बसतो, म्हणजे कुणी पान वाचायला सांगत नाही. गेल्या श्रावणात भजनातून येताना चक्कर आली होती, कट्ट्यावर तासभर बसून मग घरी आलो. प्रत्येक गोष्टीनंतर ते थांबायचे आणि वेणूबाई मान हलवायच्या. डॉक्टरीणबाई कधीपासून, किती वेळा असं विचारत होत्या, टाइप करत होत्या. हेतलने गॅस बंद केला. खानावळीला उशीर होणार होता, होऊ दे म्हटलं तिने.

पॉलिसी दोघांनाही मिळाली, त्या गुरुवारनंतर नवव्या दिवशी. कमळाकरांच्या शुगरच्या उपचारांचा खर्च मिळायला दोन वर्षं थांबायची अट होती, हप्ता मुबीनाच्या अंदाजापेक्षा जरा कमीच चढला होता आणि केतनने पुन्हा पेढे आणले, वडिलांसाठी मात्र बिनसाखरेचे. हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, धन्यवाद म्हटलं आणि काळजी घ्या म्हणून फोन ठेवला. मोबाइलचा दिवा विझला. केतन तो घ्यायला पुढे झाला, पण हेतलने त्याला हाताला धरून मागे ओढलं. कमळाकर अजून बोलतच होते. डावा खांदा दुखतो म्हणत होते, मिठागरात डोक्यावरून पाट्या वाहिल्या तेव्हापासूनचा, आणि वेणूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या.